कॉलेजवाल्यांची पांजणी

कॉलेजातली मुलं आमच्या बोळात पहिल्यांदा आली तेव्हा पायातले जोडे न काढता थेट मागापर्यंत चालत आली. अम्मा ही गोष्ट शेवटपर्यंत विसरली नाही. पुढं त्या मुलांशी तिचं कितीही जमलं तरी बोलता बोलता ती त्यांच्या पायांकडं बघायचीच.

आमचा बोळ भवानी पेठेतला. दोन्ही अंगांना विणकरांची घरं. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल. पुढच्या खोलीला बोळाकडून भिंत नव्हती, नुसत्या फळ्या होत्या. सकाळी फळ्या काढल्या की घर उघडं, आणि मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून विणत बसलेले नायना येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसायचे. नायना म्हणजे वडील आणि अम्मा म्हणजे आई. आम्ही तेलुगू माणसं, आजोबांच्या वेळेला निजामाच्या मुलखातून सोलापुरात आलेली. घरात तेलुगू, दारात सोलापुरी मराठी. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होते, मुलींच्या शाळेत मराठी सातवी पास झालेली, म्हणजे दोन्ही भाषांत आगाऊ.

ती मुलं पाच-सहाजण होती. गावचीच, पण पुण्याला कॉलेजात शिकणारी, उन्हाळ्याच्या सुट्टीला घरी आलेली. तिथल्या कॉलेजच्या नाट्यमंडळात त्यांनी कामं केली होती आणि आता गावात काहीतरी वेगळं करून दाखवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. त्यांचा म्होरक्या एका वकिलांचा मुलगा. नाटक त्यानंच लिहिलं होतं, विणकरांवरचं. एकही विणकर त्याच्या ओळखीचा नव्हता. मी हे कुचेष्टेनं लिहीत नाही. त्यानं स्वतःच तसं सांगितलं आणि म्हणूनच आलोय म्हणाला.

"आम्हाला खराखुरा माग हवाय," तो नायनांना म्हणाला. "आणि नाटकभर मागावर विणत बसणारा एक माणूस. संवाद नाहीत. नायकाचा बाप म्हणून नुसतं विणायचं."

नायनांच्या हातातला आडव्या धाग्याचा धोटा थांबला. त्यांना नाटकाचं वेड होतं. गावात कंपनी आली की ते भाकरी चुकवतील पण खेळ चुकवायचे नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी विणताना बायकी आवाजात नायिकेची भाषणं म्हणायचे. त्यांचं तोंड असं फुललं की ते आता व्हय म्हणून मोकळे होणार हे मला दिसलं. अम्मालाही दिसलं असावं. ती पिठाच्या हातांनीच चुलीपासून उठून आली.

"माग कसा न्हेणार?" ती म्हणाली. "खड्डा उचलून न्हेणार व्हय?"

मुलांनी खड्ड्यात वाकून पाहिलं. नायनांचे पाय आत लोंबत होते. हा विचार त्यांनी केलेला नव्हता.

"मग काय करायचं, मावशी?"

"नाटक हितं आणा की."

एवढं बोलून ती परत भाकऱ्यांकडं गेली. ती हे टोला म्हणून बोलली होती, पण मुलांनी खरं धरलं. आणि असल्या गोष्टी बोळात एकट्यादुकट्याच्या मर्जीनं होत नसत, म्हणून सगळे समोरच्या ओट्यावर पेद्दय्यांकडं गेले. पेद्दय्या म्हणजे बोळातले सगळ्यांत वडीलधारे. भांडण, सोयरीक, मयत, सगळं त्यांच्या ओट्यावर ठरायचं. त्यांनी आधी मुलांना जोडे काढायला लावले, मग बसवलं, आणि मग अटी सांगितल्या. खेळ आमच्या पुढच्या खोलीत होईल, माणसं बोळात बसतील. लिहिलेलं सगळं आधी बोळाला वाचून दाखवायचं. बोळ नको म्हणेल ते गाळायचं. गावातली मोठी माणसं बोलवायची तर खुशाल बोलवा, पण खुर्च्या मागं.

"पाहुण्यांच्या खुर्च्या मागे?" एकजण म्हणाला.

"आमची बायापोरं भुईवर बसणार. फुडं खुर्च्या मांडल्या तर त्येंनी काय तुमच्या पाहुण्यांच्या पाठी बगायच्या?"

शेवटची अट पांजणीची होती. नवा ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर चढवण्याआधी त्याला खळ लावावी लागते, त्या कामाला पांजणी म्हणतात. पहाटे बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा ताणायचा, मध्ये मध्ये काठ्या घालून माणसांनी तो धरायचा, दोघातिघांनी कुंच्यानं खळ मारत, विंचरत जायचं, बायकांनी तुटलेला धागा दिसला की गाठ मारायची. ऊन यायच्या आत सगळं उरकलं पाहिजे, नाहीतर धागे एकमेकांना चिकटतात आणि ताण्याची चटई होते. हे काम एका घराच्या माणसांनी होत नाही. आज तुमचा ताणा, उद्या त्यांचा. शेतकरी ज्याला सावड म्हणतात तसं. मजुरी नसते. ज्यानं हात दिला त्याला हात मिळतो.

"आमचा माग पायजे तर आमच्या पांजणीला हात द्या," पेद्दय्या म्हणाले.

"पण आम्हाला येत नाही."

"आईच्या पोटातनं कुणाला येतंय? शिकाल. आन फुकट न्हाय. तुमचा ताणा आला की आमी येऊ की."

यावर सगळा बोळ हसला. कॉलेजवाल्यांचा कसला ताणा! मुलंही हसली.

ती आली मात्र रोज. गिरणीचा पहिला भोंगा व्हायच्या आत हजर, धोतरं वर खोचून, चष्म्यावर खळीचे शिंतोडे घेऊन. ज्याच्या घरची पांजणी असेल त्याच्या ताण्याला उभी राहायची. वकिलांचा मुलगा सगळ्यांत वाईट. त्याची काठी नेहमी खाली यायची आणि तोंड कधी मिटायचं नाही. बायकांनी त्याला पोटभर चिडवून घेतलं. नाटकात विणकराची बायको होणार होता त्या मुलाला तर लुगड्याचा काष्टा घालायला माझ्या मावशीनं बोळाच्या मधोमध उभं करून शिकवलं. पंधरा दिवस सगळं असं हसतखेळत चाललं, आणि मग एके दिवशी ओट्यावर नाटक वाचून दाखवायची वेळ आली.

वाचन जवळजवळ शेवटपर्यंत ठीक झालं. काही ठिकाणी माणसं 'व्हय व्हय' म्हणाली. शेवटच्या प्रवेशात गिरणीच्या कापडापुढं हरलेला तरुण विणकर बापाच्या मागावरचा ताणा कात्रीनं कापतो आणि गिरणीच्या फाटकाकडं चालू लागतो. पडदा. वकिलांच्या मुलानं मान वर करून सगळ्यांकडं पाहिलं, वाहवा मिळेल अशा बेतानं.

 एक म्हातारी उठून घरात गेली. पेद्दय्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं, जसं मयताच्या घरी ठेवतात.

का, ते मुलांना मी सांगितलं. दुसरं कुणी तोंड उघडायलाच तयार नव्हतं. मागावरचा ताणा संपत आला की आम्ही तो पुरता काढत नाही. फणीतून आणि दोऱ्यांतून गेलेलं त्याचं शेपूट तसंच राखतो, आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या शेपटाच्या एकेका धाग्याला वळून जोडतो. नायनांचा ताणा असा आजोबांच्या ताण्याला जोडलेला होता, आणि आजोबांचा त्यांच्या बापाच्या, मुलुख सोडताना फणीसकट गुंडाळून आणलेल्या. आमचा माग कधी नागवा झालेला नव्हता. घरचा कर्ता मेला आणि त्याच्यानंतर मागावर बसणारा कुणी नसला, तरच ताणा कापतात. कर्ता जिवंत असताना त्याचा ताणा कापला तर बोळ त्याला मेलेला धरतो. मेलेल्याच्या पांजणीला कोण जाणार? आणि पांजणी नाही तर माग नाही. मग उरते ती गिरणी. माझे धाकटे काका त्या वर्षीच गिरणीत लागले होते. त्यांनी ताणा कापला नव्हता, नुसता नवा जोडला नव्हता. शेजारच्या त्यांच्या बंद खोलीत मागावर ते शेपूट लोंबत होतं आणि त्याच्यावर धूळ बसत होती. नायना जाता-येता फळ्यांच्या फटीतून ते बघायचे.

"हा तर नाटकाचा प्राण आहे," वकिलांचा मुलगा म्हणाला. 

"तुमच्या नाटकाचा प्राण," अम्मा म्हणाली, "आन आमच्या मानसाचा?"

दोन दिवस मुलं आली नाहीत. मला वाटलं, संपलं. मला आनंद झाला नाही, हेही सांगते. तिसऱ्या दिवशी पहाटे ती पांजणीला येऊन उभी राहिली, आणि पांजणी झाल्यावर वकिलांच्या मुलानं पेद्दय्यांना सांगितलं की ताणा कापणार नाही. नायक कात्री उगारेल आणि टाकून देईल. अम्माचं तेवढ्यावर समाधान झालं नाही. तिनं कात्री लाकडाची करायला लावली. सुतारानं केली, मुलांनी तिला चंदेरी रंग दिला. पोरांच्या खेळण्यातली वाटायची.

तालमी सुरू झाल्या. नायना मागावर बसून खरं कापड विणत असत, मी शेजारी रहाटावर कांड्या भरून त्यांना देत असे, आणि आमच्या दोघांच्या अवतीभवती मुलं भांडायची, रडायची, भाषणं ठोकायची. पण शेवटचा प्रवेश रोज पडायचा. नायक झालेला वकिलांचा मुलगा लाकडी कात्री उगारायचा, लांबलचक बोलायचा, कात्री खाली टाकायचा. ठक्. त्याचे मित्रच तोंडावर धोतराचा सोगा धरून हसायचे. त्याचं तोंड एवढंसं व्हायचं.

नायना हे सगळं बघत होते. आधी गप्प होते. मग बोलू लागले. "माज्या धोट्याचा आवाज थांबला की मग बोला." "पाठ फिरवून बोला, माज्याकडं बगून न्हाय." मुलं ऐकायची आणि खरंच ते बरं दिसायचं. नायनांची मान ताठ होऊ लागली. मला त्यांचं कौतुक वाटत होतं. अम्मा मात्र दारात उभी राहून त्यांच्याकडं अशी बघायची, जसं उतू जाणाऱ्या दुधाकडं बघतात.

एका तालमीनंतर मुलं गेल्यावर नायना आपल्याशीच म्हणाले, "कापाय पायजे, बग. त्याबिगर उतरत न्हाय."

अम्मानं ऐकलं. तिच्या हातातलं पातेलं खाली आपटलं.

"कुणी कापाय पायजे?"

"आगं, मी नाटकाचं बोलतोय."

"मी घराचं बोलतीया. त्या पोरापेक्षा मला तुमचीच भीती वाटाय लागलीय."

नायना हसले आणि मागाच्या खांबाला हात लावून म्हणाले, "त्या पोराला मी माज्या ताण्याला हात लावू देनार न्हाय. झालं?"  झालं नव्हतं, पण आणखी काय म्हणवून घ्यायचं ते अम्माला सुचलं नाही.

खेळ बाजारच्या दिवशी, ऊन उतरल्यावर ठेवला. त्या काळात सोलापुरात चार माणसं जमली की पोलीस डोकावत. वकिलांनी परवानगी काढली होती तरी बोळाच्या तोंडाशी एक हवालदार काठी टेकून उभा होता. बोळ भरून गेला. पुढं भुईवर आमची माणसं, मागं खुर्च्यांवर वकील, डॉक्टर, मास्तर मंडळी. मागं बसवल्याबद्दल खुर्च्यांत कुरकुर चालली होती, ती पुढंपर्यंत ऐकू येत होती. अम्मा बायकांच्या घोळक्यात पहिल्या ओळीत बसली होती. मी आतल्या दाराच्या चौकटीला टेकून होते. पोरीनं खेळात दिसायचं नाही, एवढं एक बंधन होतंच. तिथून मला नायनांची पाठ दिसत होती आणि त्यांच्या खांद्यावरून समोरची सगळी माणसं.

खेळ रंगला. नायनांच्या धोट्याचा ताल सगळ्या नाटकाखाली चालू होता, आणि तो थांबला की माणसांचे श्वास थांबत होते. म्हाताऱ्या बाया डोळे पुसत होत्या. काकाही गिरणीची पाळी करून आले होते, उभेच होते. मला वाटलं, शेवट पडला तरी आता चालेल.

शेवट आला. मुलानं कात्री उगारली. घामानं कात्रीचा रंग त्याच्या हाताला लागला होता. त्यानं भाषण केलं, चांगलं केलं, आणि ठरल्याप्रमाणं कात्री टाकली. ठक्. ती फरशीवर आपटून उडाली आणि पहिल्या ओळीतल्या पोरांपुढं पडली. एका पोरानं ती उचलली. मागच्या खुर्च्यांतून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "अहो, लाकडाची आहे ती! कापायची कशी?" आणि खुर्च्या हसल्या.

मुलगा तसाच उभा राहिला. पडदा ओढणाऱ्यानं दोरीला हात घातला होता. तेवढ्यात नायनांनी त्याला हातानं 'थांब' अशी खूण केली.

प्रत्येक मागाच्या खांबाला एक छोटी कात्री टांगलेली असते, धाग्यांची टोकं छाटायची. रोजची गोष्ट, म्हणून तिच्याकडं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, अम्माचंही नाही. नायनांनी ती काढली. खड्ड्यात उभे राहिले. समोरच्या माणसांकडं एकदा पाहिलं, काका उभे होते तिकडं पाहिलं, आणि ताण्याला एका कडेनं कात्री लावली.  ताठ ताण्याचे धागे कापले जाताना कसे तुटत जातात ते मी त्या आधी कधी ऐकलं नव्हतं. ते या कडेपासून त्या कडेपर्यंत कापत गेले. घाई केली नाही.

अम्मानं हंबरडा फोडला. तेलुगूत, मयतावर फोडतात तसा. तिच्या मागोमाग बायका. आमची सगळी माणसं उठून उभी राहिली, आणि मागं खुर्च्यांवरून टाळ्या सुरू झाल्या. त्यांना वाटलं, हे सगळं खेळातलंच. वाहवा, वाहवा करत होते. अम्मा ऊर बडवत होती आणि टाळ्या वाढत होत्या. त्या टाळ्यांचा मला आजही असा संताप येतो की कुठल्याही सभेत जोरात टाळ्या पडल्या तर मी उठून बाहेर जाते.

पेद्दय्या माणसं पांगल्यावर आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"का केलंस?"

"त्या पोराला कापता येईना," नायना म्हणाले. "ताणा त्येचा न्हवता."

"आन तुला करमंना?"

नायनांनी शेजारच्या बंद फळ्यांकडं बोट केलं. "धाकट्याचं शेपूट रोज बगतोय मी. आपला सगळ्यांचा ताणा कवाच कापलाय, पेद्दय्या. कुणी तोंडानं बोलत न्हाय. मी करून दावलं."

पेद्दय्यांनी ऐकून घेतलं. "बोलायचं ते बोललास," ते म्हणाले. "आता पांजणीला कोण येतंय ते तूच बग."

दुसऱ्या दिवसापासून बोळ नायनांशी बोलेना. वाईट वागलं नाही कुणी. नुसतं त्यांच्या जागी कुणी नाहीच असं धरून चाललं. बायका अम्माच्या कपाळाकडं बघत. अम्मानं इरेला पेटून रोजच्यापेक्षा मोठं कुंकू लावलं, आणि कापलेला धागा न् धागा माझ्या मदतीनं गाठ मारून सांधला. तो ताणा विणून संपवता आला. पण ती नायनांशी एक अक्षर बोलत नव्हती. बोळानं मेलेलं धरलं म्हणून नव्हे. ती चिडली होती, आणि तिची चीड अशी मुकी असे. ताट वाढून उंबऱ्याशी ठेवायची आणि पाठ फिरवायची. नायना गात नव्हते, भाषणं म्हणत नव्हते. धोट्याचा आवाज तेवढा यायचा आणि मला तो ऐकवत नसे.

सुट्टी संपत आली तशी मुलं निरोप घ्यायला आली. जोडे बाहेर काढून. वकिलांचा मुलगा नायनांच्या पायाशी बसला. मग म्हणाला, पुण्याला संमेलनात हे नाटक करायचा विचार होता, तो सोडून दिला.

"का सोडला?" अम्मा म्हणाली. "आता कापून झालंय की. करा तुमी. पन तुमचा खेळ संपला, आमचा ताणा न्हाय संपला. ह्यो विणून झाला की नवा चढणार. पांजणीला मी, माजी पोरगी आन ह्ये. तिघं." ताणा विणून संपायला तिनं अजून महिना धरला होता, तिथीही सांगितली. "याल?"

ती हो म्हणाली. जाणारी माणसं हो म्हणतातच. मी काही त्यांच्यावर भरवसा ठेवला नाही, आणि अम्मानंही ठेवला नसावा. नायनांनी तर घरात न सांगता गिरणीत काकांच्या खात्यात चौकशी करून ठेवली होती, ते मला काकांकडूनच कळलं. पांजणी फसली तर दुसऱ्या दिवशी भोंग्याला जायचं, हे त्यांचं ठरलेलं होतं.

त्या पहाटे आम्ही ताणा बोळात लावला. एका टोकाला खुंट्याशी नायना, दुसऱ्या टोकाला अम्मा, मध्ये मी एकटी. मधला ताणा लोंबायला लागला. घराघरांत माणसं जागी होती, फळ्यांच्या फटींतून दिवे दिसत होते, पण फळी कुणी काढली नाही. फक्त पेद्दय्या ओट्यावर कडुनिंबाची काडी चावत बसले होते आणि आमच्यातून पलीकडं बघत होते.

बोळाच्या तोंडाशी पावलं वाजली. वकिलांचा मुलगा आणि त्याचे दोन मित्र. रात्रीच्या गाडीनं येऊन स्टेशनवरून तसेच चालत आले होते, अंगावर कोळशाची काजळी. कुणाशी न बोलता त्यांनी जोडे काढले, काठ्या घेतल्या आणि ताण्याखाली घातल्या. नायनांनी खळ मारायला घेतली.

तरी पुरेना. एका अंगानं नायनांचा कुंचा जेमतेम अर्ध्यावर आला होता आणि मागं लावलेली खळ वाळून धरायला लागली. मधल्या मुलांच्या काठ्या खाली येऊ लागल्या. समोरच्या कौलांवर ऊन आलं. मला माहीत होतं आता काय होणार: आणखी थोड्या वेळात सगळा ताणा चिकटणार, आणि उद्या नायना भोंग्याबरोबर बाहेर पडणार. अम्माचे ओठ आवळलेले होते. ती ऊन बघत होती, माणसांकडं बघत नव्हती.

"पेद्दय्या!" वकिलांचा मुलगा ओरडला. "उन्हाळाभर मी तुमच्या पांजणीला हात दिला. दिला की नाही?"

पेद्दय्यांनी काडी तोंडातून काढली नाही.

"सगळ्या बोळाला विचारतोय. दिला की नाही?"

"दिला," पेद्दय्या म्हणाले. "मग?"

"मग या. माझा ताणा आलाय."

"कुटं हाय तुजा ताणा?"

"हा काय, धरून उभा आहे."

"ह्यो त्येचा हाय."

"त्यांचा असता तर बोळ आला असता त्यांच्या पांजणीला. कुणी आलेलं नाही. मग हा मी धरलाय, माझा आहे. तुमचा ताणा आला की आम्ही येऊ, असं तुम्ही म्हणाला होता, याच ओट्यावर. तेव्हा सगळे हसले होते. मीपण हसलो होतो."

शेवटी वकिलाचंच पोर.  पेद्दय्यांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, त्याच्या काठीकडं पाहिलं, खाली आलेल्या ताण्याकडं पाहिलं.  आमच्या बोळात खोटं बोलणारे होते, दारू पिणारे होते, पण घेतलेला हात परत न देणारा एकही माणूस नव्हता.

"खळ वाळाय लागली," पेद्दय्या काडी फेकून पुटपुटले, "आन ह्यो हितं कोरट चालवतोय." ते ओट्यावरून उतरले आणि त्याच्या हातातली काठी वर उचलून धरली. "वर धर की रं! उन्हाळाभर काय शिकलास?"

पहिली फळी निघाली ती मावशीच्या घराची. मग शेजारची. बायका पदर खोचत आल्या, माणसं कुंचे घेऊन आली. कुणी नायनांकडं बघितलं नाही, कुणी बोललं नाही. ती कॉलेजवाल्याच्या पांजणीला आली होती. पण कुंचे नायनांच्या कुंच्याच्या मागोमाग चालत गेले, आणि ऊन ताण्यावर पडलं तेव्हा शेवटचा हात फिरून ताणा कोरडा, मोकळा, ताठ झाला होता.

पेद्दय्यांनी काठी खाली ठेवली. "तुजं फिटलं," ते मुलाला म्हणाले आणि ओट्याकडं वळले. माणसं तिथंच घोटाळत राहिली. पुढं काय करायचं ते कुणालाच कळत नव्हतं.

अम्मा तिच्या टोकाकडून निघाली. ताण्याच्या कडेनं सगळा बोळ चालत आली आणि नायनांपुढं उभी राहिली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "हात धुवा. भाकरी वाढतीया."

नायनांचे हात कोपरांपर्यंत खळीनं भरले होते. त्यांनी ते तसेच तोंडावर धरले.